म्हैस पाण्यातून उठत का नाही? ढोरांच्या डॉक्टरीणबाईंना वाचकांचे प्रश्न

या खेपेला एकवीस पत्रं आली, त्यातली चौदा उन्हाची. माझी एकतीस वर्षांची नोकरी वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली. तेव्हा मला उन्हाबद्दल विचारणं म्हणजे आधीच हौस, त्यात पडला पाऊस. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. सहा पत्रं घेते. बाकीच्यांनी रागावू नये.

आमची म्हैस दुपारी गावतळ्यात शिरली की पाच वाजले तरी उठत नाही. धार काढायला उशीर होतो. गुराखी म्हणतो बसू द्या, वडील म्हणतात पाण्यात बसून दूध आटतं. कोणाचं खरं?
*एक वाचक, दर्यापूर तालुका*

गुराख्याचं. वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि मग हे वाचून दाखवा.

म्हशीचं कातडं काळं, जाड, वर केस विरळ. ऊन सगळं आत ओढून घेतं. आणि गाईच्या कातडीत जेवढ्या घामाच्या ग्रंथी असतात, त्याच्या साधारण सहावा हिस्सा म्हशीच्या कातडीत. म्हणजे तापायची सोय भरपूर, निवायची सोय तुटपुंजी. गाय उभ्या उभ्या घामानं थोडीफार निवते, गवळाऊसारखी पांढरी गाय तर ऊन परतवूनही लावते. म्हशीला ते नाही. तिचा घाम म्हणजे तळं.

त्यातही ती नितळ पाणी सोडून कडेच्या चिखलात का लोळते, हे पोरासोरांनाही कोडं असतं. अंगावरचं नुसतं पाणी उन्हात चटकन वाळून जातं. चिखलाचा थर पाणी धरून ठेवतो, सावकाश सोडतो, आणि तेवढा वेळ गारवा मिळत राहतो. वाळल्यावरही माश्या आणि गोचीड जरा लांब राहतात, ऊन थेट कातडीला लागत नाही. बाईक धुवायला निघाल्यासारखे खरारा घेऊन तिचा चिखल लगेच घासू नका. तिनं तो मुद्दाम लावलेला आहे.

दुधाचं म्हणाल तर हिशोब उलटा आहे. तापलेली म्हैस खायचं कमी करते, कारण चारा पचवतानाही पोटात उष्णता तयार होते आणि ती तिला नको असते. खाणं कमी, तर दूध कमी. माजावर आलेलीही कळत नाही. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो, ना ओरडणं ना सोट (चिकट स्राव), आणि मग लोक माझ्याकडे येऊन म्हणायचे, म्हैस उलटतेय, म्हणजे गाभण राहत नाही. ती उलटत नसायची, तिची वेळ आपल्या लक्षात येत नसायची. तळं जवळ नसेल तर दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी मारा. धारेआधी कास आणि सड स्वच्छ धुवून, पुसून घ्या, नाहीतर त्या चिखलापायी दगडी (कासेची सूज) मागे लागेल. एवढंच पथ्य.

आता एक जुनी गोष्ट सांगते, कारण तुमचं पत्र वाचून तीच आठवली. १९८८ चा मे. मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. एका घरच्या म्हशीच्या खुराला जखम होती. मी स्वच्छ करून पट्टी बांधली आणि ऐटीत सांगितलं, "चार दिवस तळ्यावर नेऊ नका, पट्टी भिजेल. सावलीत बांधून ठेवा." दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांनी ती कडुनिंबाच्या सावलीत बांधली. सकाळची सावली पश्चिमेला असते. घरची माणसं शेजारच्या गावी लग्नाला गेली. दुपारी तीनला एक पोरगा सायकल मारत दवाखान्यात आला. जाऊन पाहते तो सावली झाडाच्या दुसऱ्या अंगाला, म्हैस ओढता येईल तेवढं दावं ओढून, मान सावलीच्या दिशेला करून पडलेली. तोंडाला फेस, जीभ बाहेर, थर्मामीटरचा पारा १०७ फॅरनहाइटवर. म्हशीचा नेहमीचा १०१ च्या आसपास. डोक्यावर, पाठीच्या कण्यावर पाणी ओतलं, सलाईन लावलं. दिवेलागणीच्या आत गेली.

घरातली म्हातारी मला एक शब्द वावगं बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी सावलीत बांधा म्हनलं, आमी सावलीतच बांधली जी."

सावली सरकते, दावं सरकत नाही. कॉलेजात मला हे कोणी शिकवलं नव्हतं. तळं बंद केलं तर त्याच्या बदल्यात काय, हे मी विचारायला हवं होतं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत कोणत्याही गोठ्यात गेले की औषध काढायच्या आधी माझा प्रश्न ठरलेला असे, "दुपारी दोनला इथं काय असतं?" सकाळी दहाला गार वाटणारा पत्र्याचा गोठा दोनला तव्यासारखा होतो. मोकळं जनावर अशा वेळी स्वतःच उठून जातं. मेंढ्यांचा कळप उघड्या माळावर दुपारी पाहिलाय का? झाड नसेल तर त्या गोल दाटीनं उभ्या राहतात आणि एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालतात. धनगरानं त्यांना शिकवलेलं नसतं, तो फक्त त्यांना हलवत नाही.

आमचा लॅब्रॅडोर दुपारभर बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे पसरून पडतो आणि जोरजोरात धापा टाकतो. दमला आहे असं वाटतं. डॉक्टरांकडे न्यावं का?
*एक वाचक, पुणे*

पोट टेकतो कारण तिथं केस पातळ असतात. तुमची फरशी हे त्याचं तळं. आमच्याकडचं गावठी कुत्रं माठाखालची ओली वाळू उकरून त्या खळग्यात बसतं, तोच प्रकार.

धापेचं मात्र नीट सांगते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजाच्या गाद्यांना. बाकी सगळं काम जीभ, तोंड आणि नाकाच्या ओल्या अस्तरावर. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारं कुत्रं धापा टाकताना तीनशेच्या वर जातं. तुम्ही-आम्ही तेवढे श्वास घेतले तर त्या मेहनतीनंच तापून जाऊ. कुत्रं दमत नाही, कारण त्याची छाती ज्या तालात आपोआप हलते त्याच तालात ते धापा टाकतं. झोपाळ्याला त्याच्या झोक्याच्या वेळी बोट लावलं तरी तो चालत राहतो, तसं.

तेव्हा धाप आहे, शेपूट हलतेय, पाणी पितोय, तर काळजी नको. पण धाप थांबतच नाही, हिरड्या लालभडक झाल्या, चिकट लाळ गळतेय, चालताना झोकांड्या जातायत, तर अंगावर साधं गार पाणी ओता, पंखा लावा आणि थेट दवाखाना गाठा. पग आणि तसल्या बसक्या नाकाच्या जातींबाबत दुप्पट सावध राहा. धापेचं यंत्रच त्यांच्याकडे आखूड आहे, आणि ते आपण माणसांनी हौसेनं आखूड केलंय.

तुम्ही पत्रात लिहिलंत की त्याला चार वाजता फिरायला नेता. नेऊ नका. डांबरी रस्त्यावर तळहाताची उलटी बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववली नाही तर त्यानं तिथं पाय का ठेवावा? आणि गळ्यात पट्टा असलेलं कुत्रं सावलीकडे पळू शकत नाही. पट्ट्याचं दुसरं टोक तुमच्या हातात आहे.

मी नववीत आहे. आईला मलेरिया झाला तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं, तरी ती थंडीनं कुडकुडत होती आणि तीन गोधड्या मागत होती. शरीर गरम असताना थंडी कशी वाजते?
*एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा*

बाळ, या महिन्याचं सगळ्यात चांगलं पत्र तुझं. मी ढोरांची डॉक्टर, त्यामुळे उत्तर सरड्याच्या वाटेनं देते.

आपल्या मेंदूत एक जागा आहे, ती शरीराचा पारा किती ठेवायचा ते ठरवते. एरवी ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास. जंतू शिरले की शरीरच तो आकडा वर सरकवतं, समज ३९.५. आता आईचं अंग आहे ३८.५. तुझ्या हाताला ते गरम. पण तिच्या मेंदूच्या हिशोबानं ते एक अंशानं गार आहे. म्हणून कुडकुडणं, कारण स्नायू थरथरले की उष्णता तयार होते. म्हणून अंग आक्रसून मुटकुळं करणं, आणि म्हणून गोधडी. ताप उतरताना आकडा पुन्हा ३७ वर येतो, मग त्याच गोधड्या ती लाथेनं उडवते आणि घामानं उशी भिजते. तू पाहिलंच असशील.

आता सरडा. त्याच्या शरीरात आपल्यासारखी भट्टी नसते. गरम व्हायचं तर उन्हातल्या दगडावर, गार व्हायचं तर सावलीत किंवा बिळात. दिवसभर ऊन-सावलीच्या फेऱ्या मारून तो आपला पारा बऱ्यापैकी नेमका राखतो. १९४४ मध्ये अमेरिकेत काउल्स आणि बोगर्ट या दोघांनी वाळवंटातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करून हे दाखवलं, तोवर लोक त्यांना बिनदिक्कत 'थंड रक्ताचे' म्हणत.

मग प्रश्न असा, की अशा प्राण्याला ताप येईल का? १९७४ मध्ये मिशिगन विद्यापीठात क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना नावाच्या सरड्यांना अशा पेटीत ठेवलं जिची एक बाजू गरम, दुसरी गार. मग त्यांना मेलेल्या जंतूंची सुई टोचली. सरडे उठून गरम बाजूला जास्त वेळ बसायला लागले आणि त्यांचं अंग नेहमीपेक्षा सुमारे २ अंशांनी तापलं. गोधडी मिळाली नाही तर सरडा ऊन पांघरतो, असं म्हण.

पुढच्या वर्षी त्यांनी जिवंत जंतू टोचून सरड्यांना ठरावीक तापमानाला कोंडलं. ३४ अंशांवर ठेवलेले मेले, ४० आणि ४२ वर ठेवलेले बहुतेक वाचले. त्यानंतर काहींना ताप उतरवणारं औषध दिलं. औषधानं ज्यांचा ताप खरोखर उतरला, ते मेले. म्हणजे ताप हा निदान सरड्याच्या बाबतीत तरी रोगाचा खोडसाळपणा नव्हता, सरड्याचा डाव होता.

यावरून आईचं औषध बंद करू नकोस! माणूस म्हणजे सरडा नाही, मलेरियाचं औषध वेळेवर आणि पूर्ण घ्यायचंच, आणि तान्ह्या बाळाला तापात गोधड्यांत गुंडाळणं तर धोक्याचं. त्याला स्वतःहून गोधडी लाथाडता येत नाही.

बांधावरच्या खडीत टिटवीनं चार अंडी घातली आहेत. भर दुपारी ती अंड्यांवर उभीच असते, बसत नाही. आणि मध्येच उडून जाते, परत येते तेव्हा पोट ओलं असतं. हे काय आहे?
*एक शेतकरी वाचक, बार्शी*

तुमची नजर पक्की आहे. कित्येकांनी जन्म शेतात काढला आणि हे पाहिलं नाही.

अंडी उबवणं हा शब्द आपण असा वापरतो की जणू पक्षिणीला फक्त ऊबच द्यायची असते. टिटवीचं घरटं उघड्यावर, तुमच्याकडची खडी मे महिन्यात पन्नास अंशांच्या वर सहज तापते, त्यात अंडं तसंच राहिलं तर आतला जीव शिजेल. म्हणून दुपारी ती उभी राहून छत्री होते. आणि तेवढ्यानं भागत नाही तेव्हा पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ती ओल अंड्यांवर आणून टेकवते. नर-मादी आळीपाळीनं हे करतात. टिटवीदेखील समुद्र आटवी, ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. पोटाच्या पिसांतून पाणी वाहणारी टिटवी पाहून मला ती म्हण करणाऱ्याबद्दल संशय येतो, त्यानंही तुमच्यासारखंच बांधावर बसून पाहिलं असणार.

एक विनंती. मोबाईलवर फोटो काढायला जवळ जाऊ नका, गेलात तर सकाळी लवकर. दुपारी तुम्ही दहा मिनिटं उभे राहिलात तर ती दहा मिनिटं वर ओरडत फिरेल आणि खाली अंडी तापतील.

पक्ष्यांना घामच नसतो, त्यामुळे त्यांच्या युक्त्या पाहण्यासारख्या. कावळा चोच उघडी टाकून धापा टाकतो. करकोचे तर आपल्याच पायांवर पातळ विष्ठा सोडतात, ती वाळताना पायातलं रक्त निवतं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला चित्रबलाक (तेही करकोचेच) पाहायला जाल तेव्हा त्यांच्या पायांचा पांढरा रंग पाहून 'घाणेरडा पक्षी' म्हणू नका. तेच पक्षी घरट्यात पंख पसरून पिल्लांवर सावली धरून तासन्‌तास उभे राहतात.

माझं लेयर कोंबड्यांचं छोटं शेड आहे. दर उन्हाळ्यात अंड्यांची कवचं पातळ होतात, ट्रेमध्ये फुटतात. शिंपल्याची चुरी वाढवली तरी फरक नाही.
*एक व्यावसायिक, अमरावती जिल्हा*

चुरी पोटात गेली तर फरक पडेल. कोंबडी उन्हात खातच नाही, हे एक. दुसरं कारण गमतीचं आहे. कवच म्हणजे बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेट. त्यातलं कॅल्शियम तुम्ही देता, पण कार्बोनेट ती रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडपासून करते. उन्हात चोच उघडी टाकून ती एवढ्या धापा टाकते की तो वायू श्वासावाटे निघून जातो. निवण्याची किंमत ती कवचातून मोजते.

तेव्हा इलाज खाद्याच्या गोणीत कमी आणि शेडमध्ये जास्त. छतावर पांढरा चुना किंवा तुराट्यांचा थर, बाजूंना ओले गोणपाट, पण वारा अडवायचा नाही. दाटी कमी करा. पंख अंगापासून लांब धरून उभं राहायला तिला जागा लागते. अकरा ते चार खाद्य बंद, पहाटे आणि रात्री द्या, म्हणजे पचनाची उष्णता भर दुपारी अंगावर येणार नाही. पाण्याची टाकी आणि पाईप सावलीत घ्या. गरम पाणी कोंबडी पीत नाही, आणि तुम्हीही प्यायला नसता.

मी वकिली शिकतो आहे. नागपूरच्या मे महिन्यात काळा कोट घालायचा. वाळवंटातले बदू लोक काळे झगे घालतात, मग काळा रंग वाईट कसा? आणि आजी खिशात कांदा ठेवायला लावते, त्याचं काय?
*एक विद्यार्थी, नागपूर*

हे खातं ढोरांचं, पण माणूसही त्यात बसतो.

बदूंच्या काळ्या झग्याचा अभ्यास खरंच झालाय, १९८० साली 'नेचर'मध्ये छापून आला. नेगेव्हच्या वाळवंटात माणसाला काळा झगा, पांढरा झगा घालून उन्हात उभं केलं. काळा झगा जास्त तापला, पण आतल्या कातडीपर्यंत पोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच. कारण झगा ढगळ. कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळती राहते आणि तापलेल्या कापडाची धग बाहेर नेते. तुझा कोट ढगळ आहे का? आत बनियन, वर शर्ट, गळ्याला बँड, त्यावर बेतून शिवलेला कोट. त्यात वारा शिरायला जागाच नाही. बदूंची साक्ष तुझ्या विरुद्ध गेली, वकीलसाहेब.

कांद्यानं फक्त खिशाला वास लागतो. पण आजीला मोडीत काढू नकोस. कांदा खिशात घालायची आठवण झालेला माणूस डोक्याला दुपट्टाही बांधतो, पाणी पिऊन निघतो आणि दहाच्या आत परत येतो. गुण या सगळ्याचा, नाव कांद्याचं. आमच्याकडे वखराला पहाटे चारला जुंपतात आणि ऊन चढायच्या आत बैल सोडतात. विदर्भाचं खरं ज्ञान त्या वेळापत्रकात आहे. माणसाला घामाची देणगी मोठी, एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळायला कोरडी हवा हवी आणि भरून काढायला पाणी हवं. म्हणून कूलर नागपुरात चालतो, मुंबईत नुसता आवाज करतो.

वेळ आपल्या हातात असते त्यांचं ठीक. दुपारी एकला पाठीवर डबे घेऊन स्कूटरवर फिरणारी पोरं, ठेक्यावर रस्त्याची गिट्टी पसरणाऱ्या बाया, यांना सावली दिसत असते. उठून जाता येत नाही. मला प्रत्येक वेळी ते दावं ओढून पडलेलं जनावर आठवतं. तू वकील होशील तेव्हा कामाच्या वेळांच्या कायद्यात जरा लक्ष घाल.

जागा उरली आहे, म्हणून ठाण्याच्या एका चिठ्ठीला दोन ओळी. त्यांचं मांजर भर उन्हाळ्यातसुद्धा इन्व्हर्टरवर झोपतं, त्यांना वाटतं त्याला काहीतरी झालंय. काही झालेलं नाही. मांजराचे पूर्वज कोरड्या, उष्ण मुलखातले, आणि ज्या ३०-३५ अंशांत आपल्याला पंखा लागतो तिथं ते अगदी सुखात असतं. नको झालं की स्वतः उठून मोरीत जाईल. त्याला झोपू द्या, फक्त इन्व्हर्टरच्या वायरी कुरतडलेल्या नाहीत ना, तेवढं बघून घ्या.